अंबाडीचा वाख: बी निवडण्यापासून धुऊन वाळवण्यापर्यंत, क्रमाने

"वाख काळा पडला." "वाख तुटतोय." "सालच सुटत नाही." दिवाळीच्या मागेपुढे मला येणारे फोन या तीनपैकी एका वाक्याने सुरू होतात. वाख म्हणजे अंबाडीच्या खोडाच्या सालीतून निघणारा धागा. खोदून विचारलं की निम्म्या वेळा चूक काड्या कुजवायच्या हौदात सापडतच नाही. ती जुलैत पेरताना झालेली असते, नाहीतर त्याहून आधी, बियाण्याच्या दुकानात. अंबाडी कोरडवाहू रानात सहज येते, त्यामुळे लोक तिच्याकडे गवतासारखं बघतात. पाल्यासाठी तसं चालतं, पण वाखाला हिशोब लागतो.

खालची सगळी मापं एका गुंठ्याची आहेत. पाच-दहा गुंठ्यांत, पावसाच्या भरवशावर, घरच्या दाव्या-कासऱ्यापुरता किंवा विणकाम-हस्तकलेपुरता वाख काढणाऱ्यांना ती पुरतील.

टप्पा १: आधी नावांचा गोंधळ मिटवा

दुकानात जाऊन "तागाचं बी द्या" म्हणालात तर तुमच्या हातात बोरूचं बी पडेल. आपल्याकडे शेतकऱ्यांच्या बोलण्यात ताग म्हणजे बोरू. पिवळ्या, वाटाण्यासारख्या फुलांचा, हिरवळीचं खत म्हणून गाडतात तो. गोणपाटाचा बंगाली ताग वेगळा आणि अंबाडी त्याहून वेगळी. ऑनलाइन बी शोधणारे आणखी फसतात. तिथे बोरू "सन हेम्प" होतो, अंबाडी "डेक्कन हेम्प" होते आणि "हेम्प" एवढंच टाकलं की भांगेचं झाड समोर येतं. भांगेच्या खोडाचाही वाख निघतो हे खरं, पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे ती विनापरवाना लावता येत नाही. अंबाडीला परवाना वगैरे काही लागत नाही.

बी हातावर घेऊन बघा. बोरूचं बी काळपट, गुळगुळीत आणि पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं असतं. अंबाडीचं बी मातकट करडं, तीन कोनांचं आणि थोडं खरबरीत असतं. एवढा फरक चष्म्याशिवायही कळतो.

पानावरून मात्र अजून लोक घाबरतात. अंबाडीच्या एका जातीचं वनस्पतिशास्त्रीय नावच "हिबिस्कस कॅनाबिनस", म्हणजे गांजासारख्या पानांची जास्वंद. वरची पानं बोटांसारखी फाटलेली आणि कडेला दातेरी असतात. आमच्या बांधावरची अंबाडी बघून पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "हे चालतं का इथे?" एक पान तोडून चावायला दिलं. आंबट लागल्यावर त्यांचा जीव खाली पडला. खात्री करायची दुसरी खूण देठापाशी असते. गांजाच्या पानाचे तुकडे देठापर्यंत सुटे असतात, अंबाडीचे बुडाशी जोडलेले राहतात. फूल आल्यावर तर प्रश्नच उरत नाही, कारण ते थेट भेंडी-कपाशीच्या घराण्यातलं असतं: फिकट पिवळं, आत गडद तांबडा डोळा.

टप्पा २: कोणती अंबाडी?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. अंबाडी या एका नावाखाली तीन वेगळी झाडं फिरतात.

पहिली बोंडांची लाल अंबाडी, सरबताची आणि चटणीची. ती झुडपासारखी पसरते, फांद्या फार, बोंडं मांसल. तिचा वाख काढायला बसू नका. निघतो, पण आखूड आणि गाठींचा.

दुसरी तिचीच उंच बहीण. जात तीच, हिबिस्कस सबडारिफा, पण वाण वाखाचं. खोड सरळ वर जातं, फांद्या जवळजवळ नसतात, बोंडं बारीक, टोचरी आणि खायला निरुपयोगी. पावसाने पंधरा-वीस दिवस दडी मारली तरी ती तग धरते. वाढायला मात्र पाच महिने घेते.

तिसरी गांजासारख्या पानांची, कॅनाबिनस. खोडावर बारीक काटे असतात. चार ते साडेचार महिन्यांत ती उरकते, म्हणून रब्बीला रान लवकर मोकळं होतं. वाख थोडा उजळ. पण तिला पाऊस सारखा लागतो आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना ती लवकर बळी पडते.

माझं मत विचाराल तर मराठवाडा-विदर्भातल्या हलक्या-मध्यम रानात, जिथे ऑगस्टमध्ये हमखास खंड पडतो, तिथे दुसरी लावा. एखाद-दुसरं संरक्षित पाणी देता येत असेल आणि मागून हरभरा घ्यायचा असेल तरच तिसरी.

वाणांची नावं लिहून घ्या. सबडारिफामध्ये एचएस ४२८८, एचएस ७९१० आणि एएमव्ही मालिका. यातलं एएमव्ही म्हणजे आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या आमदालवलसा संशोधन केंद्राचं वाण. कॅनाबिनसमध्ये एचसी ५८३, एएमसी १०८. बंगालमधल्या बॅरकपूरची केंद्रीय ताग संशोधन संस्था आणि आमदालवलसाचं केंद्र ही या पिकाची मुख्य ठिकाणं, तेव्हा कृषी विज्ञान केंद्रामार्फत विचारणा करायची तर ही नावं सांगा. गावातलं बी घेणार असाल तर ज्याच्याकडून घेताय त्याला एकच प्रश्न विचारा: "तुमचं झाड छातीएवढं होऊन पसरतं, की डोक्याच्या वर सरळ जातं?"

*तपासा:* शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. चार-पाच दिवसांत ८० फुटल्या तर बी चांगलं. ६० च्या आसपास फुटल्या तर बी दीडपट घ्या. त्याहून कमी असेल तर दुसरं शोधा. दोन-तीन पावसाळे डब्यात पडलेलं बी बहुधा इथेच नापास होतं.

टप्पा ३: तारीख उलटी मोजा

अंबाडी घड्याळ बघते. दिवस लहान व्हायला लागला की तिला फुलायची घाई होते, मग ती गुडघ्याएवढी असो की नऊ फूट. आपल्याकडे जूनच्या शेवटी दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि २२-२३ सप्टेंबरला बारावर येतो. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात उंच अंबाडीला कळ्या धरतात. कळी धरली की उंची थांबते आणि खोड लाकडासारखं व्हायला लागतं. पेरणीपासून कळीपर्यंत जेवढे दिवस मिळतात तेवढाच वाख लांब.

म्हणजे २० जूनला पेरलेल्या पिकाला उंच व्हायला सुमारे शंभर दिवस मिळाले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पेरलेल्याला पन्नास-पंचावन्न. खत-पाणी सारखं दिलं तरी दुसरं पीक कमरेशी फुलतं. "यंदा वाण बिघडलं" असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सोयाबीन, तूर, कपाशी सगळं उरकून मग उरलेल्या तुकड्यात अंबाडी टाकलेली असते.

तेव्हा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, आला की पहिल्या फेरीतच पेरा. १० जुलै ही माझी शेवटची तारीख. ती उलटली तर वाखाचा नाद सोडून पाल्यासाठी पेरा.

टप्पा ४: रान आणि पेरणी

रान निचऱ्याचं हवं. पाणी साचलं की बुडाशी खोड कुजतं आणि उभं झाड माना टाकतं. काळ्या जमिनीत पेरायचं असेल तर उतारावरचा तुकडा निवडा आणि दर सात-आठ ओळींनंतर एक चर ठेवा.

फेरपालट बघा. मागच्या वर्षी भेंडी किंवा कपाशी होती तिथे अंबाडी नको. एकाच घराण्यातली असल्याने पिठ्या ढेकूण, तुडतुडे आणि सूत्रकृमी वारशाने मिळतात. उलटंही तितकंच खरं. कपाशीच्या धुऱ्यावर अंबाडीच्या दोन ओळी टाकायची आपली जुनी सवय आहे. कपाशीवरच्या किडींना ती पाहुणचार करते. वाखाची अंबाडी ज्वारी किंवा तुरीच्या शेजारी न्या.

गुंठ्याला दीडशे ग्रॅम बी पुरतं, एकरी सहा किलो. किलोला १० ग्रॅम या मापाने ट्रायकोडर्मा (रोगांना आवर घालणारी उपयोगी बुरशी) बियाण्याला चोळा. ओळीत एक फूट अंतर, खोली एक इंच. त्याहून खोल गेलं आणि वर पावसाचा पापुद्रा बसला तर बी आतच वाकतं.

खत फार नको. गुंठ्याला पाटीभर म्हणजे काहीच नाही, पण ५० किलो कुजलेलं शेणखत पुरे. पेरताना सव्वा किलो सिंगल सुपर फॉस्फेट. युरिया एकूण ८०० ते ९०० ग्रॅम, निम्मा विरळणीनंतर, निम्मा महिन्याने, तोही ओल असेल तरच. जास्त नत्र दिलं की झाड लुसलुशीत होतं आणि वाऱ्याने लोळतं. लोळलेलं झाड पुन्हा वर वळतं, आणि त्या वळणावर वाख तुटतो.

टप्पा ५: दाटी, विरळणी आणि भाजीचा मोह

दाट पेरल्याशिवाय अंबाडी सरळ जात नाही. उजेडासाठी चढाओढ लागली की ती फांद्या काढायचं विसरते. पण फार दाट ठेवली तर काडी पेन्सिलीएवढी राहते आणि साल इतकी पातळ की सोलणं परवडत नाही. दोन झाडांत ८ ते १० सेंटीमीटर, म्हणजे आपल्या मुठीएवढं अंतर.

पहिली विरळणी पंधरा-वीस दिवसांनी, दुसरी महिन्याने. उपटलेली रोपं म्हणजे हंगामातली सगळ्यात कोवळी भाजी. ज्वारीच्या कण्या, तुरीची डाळ, वरून लसणाची चरचरीत फोडणी. पोटभर खा.

आणि इथेच थांबा.

*सावध:* वाखाच्या ओळीतला शेंडा खुडू नका. एक शेंडा खुडला की खाली दोन-तीन फांद्या फुटतात. प्रत्येक फांदीच्या बेचक्यात गाठ, आणि गाठीपाशी वाख दोन तुकडे. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी हेच झालं. रान रस्त्याकडेला. येता-जाता प्रत्येकीने ओटीभर पाला नेला, कुणाला नाही म्हणायचं? त्या चार ओळींचा वाख वीतभर लांबीचा निघाला. तेव्हापासून रस्त्याच्या बाजूच्या दोन ओळी भाजीच्या म्हणून सोडतो. लोकांना सांगतो, इकडची हवी तेवढी न्या.

पहिले चाळीस दिवस तण काढा. दोन खुरपण्या, मध्ये एक कोळपणी. पुढे पीकच सावली धरतं. पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. तेवढी झाडं कापून पिशवीत भरून बाहेर न्या आणि जाळून टाका.

टप्पा ६: कापणीचा दिवस

रानातली निम्मी झाडं फुलली की कापा. आधी कापली तर वाख रेशमासारखा पण कमी आणि कच्चा. बोंडं भरू दिलीत तर वजन वाढतं, पण साल काडीला अशी चिकटते की हौदात आठवडा जास्त लागतो आणि निघतो तो काथ्या. "बी पण घेऊ आणि वाख पण" ही हाव दोन्हीकडून फसते. बियाण्याची झाडं वेगळी ठेवायची, त्याबद्दल शेवटी.

कापण्याआधी हौदाचं माप बघा. हौद एका गुंठ्याच्या मालापुरता आणि कापणी पाच गुंठ्यांची असं झालं की उरलेल्या पेंढ्या उन्हात वाळतात. वाळलेल्या काडीचा वाख पुढे कधीच नीट सुटत नाही.

विळ्याने जमिनीलगत कापा, उपटू नका. मुळांसोबत आलेली माती हौदात जाऊन वाखाला डाग पाडते. मग निवड: अंगठ्याएवढी जाड खोडं वेगळी, बोटाएवढी वेगळी, बारीक वेगळी. लोकांना हे काम निरर्थक वाटतं. पण बारीक काडी बारा दिवसांत कुजते आणि जाड अठरा. एकाच पेंढीत बांधल्या तर एक सडणार, दुसरी कच्ची राहणार.

पेंढी वीतभर जाडीची, दोन ठिकाणी सैल बांधलेली. घट्ट आवळलेल्या पेंढीच्या मध्यात पाणी शिरत नाही. बांधलेल्या पेंढ्या तीन-चार दिवस रानातच शेंडे वर करून एकमेकींना टेकवून उभ्या करा. पाला गळतो, तो रानाला खत होतो आणि हौदातलं पाणी तेवढं कमी घाण होतं.

टप्पा ७: कुजत घालणं

पूर्वी ओढ्याच्या डोहात टाकायचे. आता ओढ्याला ऑक्टोबरात पाणी नसतं, आणि असलं तरी तिथे टाकू नका. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि खालपर्यंतचे मासे मरतात. शेततळंही नको. तळाचा प्लास्टिकचा कागद फाटतो, आणि वास महिनाभर जात नाही. वेगळा हौद किंवा जाड प्लास्टिक अंथरलेला खड्डा करा.

गुंठ्यातून चांगल्या वर्षी अडीचशे-तीनशे किलो हिरवा माल निघतो आणि त्याच्या वीसपट पाणी लागतं. १२ फूट लांब, ५ फूट रुंद, साडेतीन फूट खोल हौदात सहा हजार लिटरच्या आसपास मावतं. बारा फूट लांबी यासाठी की काडी वाकवावी लागू नये.

पाणी शक्यतो पावसाचं किंवा कॅनॉलचं. बोअरचं जड पाणी असेल तर दिवस वाढतात. मागच्या खेपेचं कुजवलेलं पाणी दोन कॅन राखून ठेवलं असेल तर ते विरजण म्हणून टाका, काम लवकर सुरू होतं. बॅरकपूरच्या संस्थेने यासाठी "क्रायजॅफ सोना" नावाची जिवाणूंची भुकटीही काढली आहे. मिळाली तर वापरा, नाही मिळाली तरी अडत नाही.

क्रम असा:

१. पेंढ्या बुडखा खाली करून दोन-तीन दिवस दोन फूट पाण्यात उभ्या ठेवा. बुडखा जाड असतो, त्याला एवढी आघाडी दिली नाही तर शेंडा सडेपर्यंत तो कच्चाच राहतो.

२. हौदाच्या तळाशी विटा, त्यावर बांबू. पेंढ्या बांबूवर आडव्या रचा. तळाला टेकता कामा नयेत. दोन थर, फार तर तीन.

३. वरून वजन ठेवून पेंढ्या चार बोटं पाण्याखाली दाबा. पाण्याबाहेर राहिलेला भाग तांबडा होऊन वाळतो.

*सावध:* वजन कशाचं ठेवता त्यावर वाखाचा रंग ठरतो. मातीची ढेकळं, केळीची खुंटं, बाभळीचे किंवा आंब्याचे ओले ओंडके आणि लोखंड, यातलं काहीही नको. सालीतला तुरटपणा आणि लोह एकत्र आले की शाईसारखा काळा रंग बसतो. पहिल्या वर्षी मी जुना लोखंडी वखर ठेवला होता. अख्ख्या थरावर त्याची आकृती छापून निघाली, फासाचा डाग तर ओळखू येत होता. धुतलेले दगड, सिमेंटच्या फरशा किंवा वाळू भरलेली प्लास्टिकची पोती वापरा.

आता थांबायचं. तिसऱ्या दिवसापासून बुडबुडे येतात, पाणी पिवळट आणि मग तपकिरी होतं, वास सुटतो. हा वास अपेक्षित आहे. घराच्या वाऱ्याच्या बाजूला हौद बांधला असेल तर घरचे काय बोलतील तेही अपेक्षित आहे. हौदाला जाळी किंवा कुंपण घाला. तरंगत्या पेंढ्यांवर पोरं आणि वासरं दोन्ही पाय टाकतात.

ऑक्टोबरच्या उबदार पाण्यात बारा ते अठरा दिवस पुरतात. थंडी पडल्यावर घातलं तर महिना जाऊ शकतो, म्हणून कापणी झाल्यावर "दिवाळी होऊ द्या" म्हणत पेंढ्या ठेवून देऊ नका.

*तपासा:* आठव्या दिवसापासून रोज वेगवेगळ्या पेंढ्यांच्या मधून दोन-तीन काड्या ओढून काढा. वरच्या थरातल्या नकोत, त्या नेहमी पुढे असतात. बुडख्यापासून हातभर अंतरावर अंगठ्याने दाबून साल सरकवा.

साल काडीला चिकटून फाटते आहे: अजून तीन-चार दिवस.

साल सुटते पण हिरवे-तपकिरी कपटे वाखाला लागून येतात: दोन दिवस, आणि आता सकाळ-संध्याकाळ बघा.

मोजा काढावा तशी साल सळसळत सुटते आणि खाली पांढरी स्वच्छ काडी राहते: आजच बाहेर काढा.

आज म्हणजे आजच. शेवटच्या टप्प्यात पाण्यातले जिवाणू चिकट गोंद संपवून वाखाच्या धाग्यांनाच लागतात. मी एकदा असाच "उद्या काढू" म्हणून चुलतभावाच्या लग्नाला गेलो. तीन दिवसांनी आलो तेव्हा पेंढीतून निघालेला वाख दिसायला सुंदर होता, सोनेरी. दोन्ही हातांनी ताणला तर ओल्या कागदासारखा तुटला. सगळ्या हौदातून एक दावंही झालं नाही.

टप्पा ८: सोलणं

रबरी बूट, हातमोजे. पायाला जखम किंवा चिखल्या असतील तर पाण्यात उतरू नका, दुसऱ्याला उतरवा.

एका वेळी पाच-सहा काड्या. बुडखा लाकडी मोगरीने हलकेच ठोका म्हणजे वाख पंख्यासारखा मोकळा होतो. मोकळं झालेलं टोक बोटांना गुंडाळा आणि काडी धरून शेंड्याकडे एका दमात ओढा. मध्ये थांबलात की तिथे गुंता होतो. सगळी पेंढी एकदम ठोकून, काड्या मोडून, पाण्यात आपटून वाख काढणारेही आहेत. त्यात वेळ वाचतो, पण मोडक्या काड्यांचे कपटे वाखात अडकतात आणि ते वेचण्यात वाचलेला वेळ परत जातो. शिवाय एक-एक सोललं की सणकाड्या अख्ख्या उरतात. चुलीला, वेलांच्या मांडवाला त्या लागतातच.

सोललेला वाख जमिनीवर टाकू नका. सगळी बुडख्याची टोकं एका बाजूला ठेवून बांबूवर टाका. टोकं उलटसुलट झाली की पुढे पीळ घालताना जाड-बारीक होत राहतं.

टप्पा ९: धुणं

कंटाळा इथे येतो आणि दोन पाण्यात भागवलं जातं. मग वाळलेला वाख तारेसारखा ताठ होतो. तो ताठरपणा उरलेल्या गोंदाचा असतो. हौदाच्याच पाण्यात आधी खळबळून काढा, मग स्वच्छ पाण्यात तीनदा, चारदा, निथळणारं पाणी पांढरं दिसेपर्यंत. पिळू नका. हातावर आडवा धरून दाबत खाली न्या.

रंग काळपट आलाच असेल तर चिंचेच्या पातळ कोळात पंधरा-वीस मिनिटं बुडवून लगेच भरपूर पाण्याने धुवा. काळेपणा बराच उतरतो. आंबट पाणी तसंच राहू दिलं तर वाख कमजोर होतो, म्हणून शेवटचं धुणं चुकवू नका.

हौदातलं पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नका. साधं पाणी मिसळून पडीक रानात पसरा, आणि दोन कॅन पुढच्या विरजणाला ठेवा.

टप्पा १०: वाळवणं

बांबूवर किंवा नायलॉनच्या दोरीवर पातळ थर. लोखंडी तार नको, कारण वरच सांगितलं. सकाळचं ऊन द्या, भर दुपारी सावली. दोन-तीन दिवस, रोज एकदा उलटून. ओला असताना गोळा करून ठेवलात तर दोन रात्रींत बुरशीचे ठिपके दिसतात.

वाळल्याची खूण हाताला कळते: मूठभर वाख पिळून सोडला की तो करकर आवाज करत उसळून मोकळा होतो. गुंठ्याला आठ ते बारा किलो आला तर कोरडवाहूला ठीक, पंधरा आला तर उत्तम. सैल वेण्या घालून आढ्याला टांगा. कणगीशेजारी ठेवाल तर उंदीर त्यात घर करतील.

टप्पा ११: पुढच्या वर्षाचं बी

बियाण्यासाठी ऑगस्टच्या सुरुवातीला दीड फूट अंतरावर एक वेगळी ओळ पेरा. उशिरा पेरल्याने झाडं बुटकी राहतात आणि बोंडं हाताला येतात. एक गुंठा पेरायचा तर चाळीस झाडं पुष्कळ.

इथली चूक सावकाश भोवते. ज्या झाडाला आधी बोंड आलं त्याचंच बी आपण आधी गोळा करतो. असं चार-पाच वर्षं केलं की घरचं वाण लवकर फुलणारं, म्हणजेच आखूड होत जातं. सगळ्यात आधी फुललेल्या झाडांना चिंधी बांधा आणि ती बियाण्यातून वगळा. फांद्या फुटलेलीही वगळा.

चारातली तीन बोंडं तपकिरी झाली की सकाळी दव असतानाच कापा. दुपारी कापलं तर बोंडं हातातच फुटतात, आणि बोंडांवरची टोचरी लव उन्हात उडून मानेला, कोपरांना दिवसभर चावते. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, झोडपताना वाऱ्याकडे पाठ करा. बी दोन उन्हं देऊन हवाबंद डब्यात भरा. डब्यावर नुसतं "अंबाडी" लिहू नका. उंच की पसरट, खोडाला काटे की नाहीत, कोणत्या तारखेला फुलली आणि साल कोणतं, एवढं लिहा.